पाठीतली सुई आणि सुटलेली होडी

माझी मुलगी जन्मली त्या दुपारी आमची होडी कुणालाही न विचारता एकटीच जंजिऱ्याच्या दिशेनं फिरायला निघाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, आणि त्या संबंधाचं नाव हिराबाय. म्हणजे माझी सासू. ती मागच्या वर्षी गेली. असती तर तिनं मला हे लिहू दिलं असतं, पण शेजारी बसून प्रत्येक ओळ दुरुस्त केली असती.

मी मुरुडच्या बाजारात मासे विकते. वय सत्तेचाळीस, शिक्षण बारावी, आवाज मोठा. नऊ वर्षांपूर्वी मी बाळंतपणात पाठीतलं इंजेक्शन घेतलं, कळांचं दुखणं कमी करायचं. आमच्या कोळीवाड्यात ते घेणारी मी पहिली. तेव्हापासून एखादी पोटुशी मुलगी माझ्या ओट्यापाशी आली की सुरमईचा भाव विचारायच्या आधी हळूच विचारते, मावशी, खरं सांग, पाठ जाते का? प्रत्येकीला नकलांसकट सांगत बसले तर माशांना वास सुटेल. म्हणून एकदाच लिहून काढते. डॉक्टरकीचं यात काही नाही, ते डॉक्टरला विचारा. मी माझ्या पाठीचं सांगते.

निरोपाचं भाषण

अडतिसाव्या वर्षी दोन महिने पाळी आली नाही. माझ्या आईची लवकर गेली होती, त्यामुळे मी समजले, माझीही गेली. मग एका सकाळी गिऱ्हाईक कमी होतं तेव्हा मी ओट्यावर उभं राहून पाळीला जाहीर निरोप दिला. पंचवीस वर्षं इमानानं साथ केलीस, शिमग्याला हमखास आलीस, नारळी पुनवेला कधी धड नाचू दिलं नाहीस, आता सुखानं जा आणि वाट चुकून परत येऊ नकोस. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. एकीनं मला निरोपाचा विडा दिला.

पुढच्या महिन्यात मला बोंबलाचा वास सहन होईना. कोळणीला बोंबलाचा वास सहन होत नाही म्हणजे आजार मोठाच असणार. हरेश, माझा नवरा, मला अलिबागला डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेला. मॅडमनी पोटावर गारेगार काहीतरी चोपडलं आणि मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यात काहीतरी लुकलुकत होतं, लांब समुद्रात एखाद्या होडीचा दिवा लुकलुकावा तसं. हे काय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, ठोके.

हरेशला आत बोलावलं. तो ऐकून खुर्चीत बसला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, मॅडम, परत एकदा बघा, हिनं भाषण दिलंय.

परतीच्या एसटीत तो काशीदपर्यंत एकटाच हसत होता. मी खिडकीकडे तोंड करून बसले. आनंद मलाही झाला होता. पण त्या आनंदाच्या खाली, होडीच्या तळाशी पाणी साचतं तशी भीती साचायला लागली होती, कारण हे सगळं मी एकदा करून बसले होते.

हिरवी भिंत

ओंकार, माझा थोरला, त्याच्या वेळी मी एक दिवस आणि वर कितीतरी तास कळा दिल्या. त्याची गोष्ट मी हळदीच्या मांडवात, बारशात, एसटीच्या रांगेत, कुठंही सांगते. माझा आवाज ऐकून दवाखान्यासमोरचा चहावाला स्टोव्ह बंद करून घरी गेला, हरेशला मी त्याच्या सात पिढ्यांसकट बोलले, सिस्टरचा हात एवढा दाबला की तिची बांगडी वाकली. लोक पोट धरून हसतात. मीही हसते.

जे सांगत नाही ते आता लिहिते. सगळं झाल्यावर त्यांनी मुलगा पुसून, गुंडाळून माझ्यापाशी आणला, तेव्हा मी तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंत हिरव्या तेलरंगाची होती आणि एका ठिकाणी रंगाचा पोपडा निघाला होता. तो पोपडा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. मुलाचा त्या दिवशीचा चेहरा आठवत नाही.

पुढचे अकरा दिवस मी त्याला पाजलं, पुसलं, झोपवलं, जसं सकाळी उठून बर्फ फोडायचा, टोपल्या धुवायच्या, तसं. बाराव्या दिवशी न्हाऊ घालताना त्याला शिंक आली. एवढासा जीव आणि दणदणीत शिंक, आमच्या सासऱ्यांसारखी. मी हसले, मग रडले, आणि त्यानंतर मी त्याची झाले. पण ते अकरा दिवस मी कुणालाच सांगितले नाहीत. नवऱ्यालाही नाही. आईपण म्हणजे काय ते मला येत नाही, असं मला वाटलं होतं, आणि असलं काही बाजारात ओट्यावर उभं राहून सांगता येत नाही.

आता पुन्हा तेच. आणि मी बारा वर्षांनी म्हातारी.

आयचा कायदा

सासूला आम्ही सगळे आय म्हणायचो. बुटकी, काळीसावळी, नाकात चमकी, आणि आपल्या चार बाळंतपणांची गोष्ट सांगण्यात माझीसुद्धा गुरू. हरेश जन्मला तेव्हा ती वाळत घातलेला जवळा उलटत होती. पहिल्यांदा मी ती गोष्ट ऐकली तेव्हा ती निम्मा जवळा उलटून घरी गेली होती. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली तोवर तिनं सगळा जवळा उलटला होता, आणि शेवटी शेवटी तर तिनं मूल पदरात बांधून तो पोत्यात भरलाही होता.

आठव्या महिन्यात माझं ब्लडप्रेशर चढायला लागलं. मॅडम म्हणाल्या की कळांच्या वेळी ते आणखी चढू नये म्हणून पाठीतलं इंजेक्शन घेतलं तर बरं, विचार करा. मी घरी येऊन सांगितलं आणि कोळीवाड्यात खटला उभा राहिला. साक्षीदार आपणहून आले. ज्या ज्या बाईचं सिझर पाठीत भूल देऊन झालं होतं, ती ती कमरेवर हात ठेवून येऊन उभी राहिली. पाठीत सुई गेली की पाटी गेली, असं सगळ्यांचं मत पडलं. पाटी म्हणजे डोक्यावरची माशांची टोपली. ती उचलता आली नाही तर मी बाजारात जाऊन करणार काय? नुसतं भाषण?

आय मात्र पाठीचं काहीच बोलली नाही. ती कोयत्यावर सुके मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आमी चार काढली, चारी टायमाला शुद्धीवर. दुखल्याबिगर माया नाय लागत गो. फुकट आलेल्याची कोन किंमत करतंय?"

बायकांनी माना डोलावल्या. हरेश काहीतरी पुटपुटला, त्याला कुणी विचारलं नाही. मी, जिचं तोंड बंद करायला अख्ख्या बाजाराला जमलं नाही, ती गप्प बसले. कारण तिनं नकळत बरोबर त्याच जागी बोट ठेवलं होतं. एवढं मरणाचं दुखूनसुद्धा माझी माया बाराव्या दिवशी आली होती. मग न दुखता आलेल्या पोराची यायला किती दिवस लागतील? येईल तरी का?

मॅडमच्या खोलीत

पुढच्या तपासणीला मी हरेशला नारळपाणी आणायला पाठवलं आणि मॅडमना भिंतीबद्दल सांगितलं. पहिल्यांदाच, तेही एका दमात. पोपड्यासकट.

त्या थोडा वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्यात माया नव्हती असं तुम्हाला कोण म्हणालं? ताकद नव्हती. बुडता बुडता किनाऱ्याला लागलेला माणूस आधी श्वास घेतो, मग बघतो शेजारी कोण आहे."

इतकी साधी गोष्ट बारा वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती, कारण बारा वर्षांत मी कुणाला विचारलीच नव्हती. ही माझी चूक होती. हे वाचणारीनं ती करू नये.

त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांशीही भेट घडवली. काडीसारखे बारीक, हळू बोलणारे गृहस्थ. मी त्यांना कमरेवर हात ठेवलेल्या सगळ्या बायकांच्या नकला करून दाखवल्या. ते न हसता शेवटपर्यंत बघत राहिले आणि मग म्हणाले की सुईच्या जागी चार दिवस ठणकेल, पण बाळंतपणानंतर पाठ बऱ्याच जणींची दुखते, सुई घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही, कारण वाकून पाजणं आणि उचलणं काही सुटत नाही. मग न विचारता जोखमीचंही सांगितलं. ब्लडप्रेशर एकदम उतरू शकतं, डोकं धरू शकतं, कधी एका बाजूला औषध कमी लागतं. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: ते एकटे पेण ते अलिबाग चार दवाखाने बघतात, त्यामुळे त्या वेळी ते दुसरीकडे अडकले असतील तर उशीर होईल.

मला तो माणूस आवडला. माल बासा, म्हणजे शिळा, असेल तर बासा आहे म्हणून सांगणारा विक्रेता आमच्या धंद्यातही फार मिळत नाही. मी सही केली.

घरी आयला सांगितलं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. वाढायची, पण ताट जरा लांब ठेवायची.

काशीदचा रस्ता

शिमगा चार दिवसांवर होता. होड्या बंदराला लागल्या होत्या, आमच्या होडीला नवा निळा रंग चढला होता, वाळून अजून वासही गेला नव्हता. सकाळी सात वाजता मी अंगण झाडत होते आणि पाणी गेलं. हरेशनं शेजारची गाडी काढली. आयला म्हटलं, चल. ती दारात उभी राहिली.

"तुझी सुई तू घे. मी घरातच बरी. माझा काम हाय."

मला इतका राग आला की पहिली कळ रागातच निघून गेली.

मुरुड ते अलिबाग रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. प्रत्येक वळण माझ्या पोटातून गेलं. काशीदला सुट्टीचे पर्यटक रस्त्यावर आडव्या गाड्या लावून शहाळी पीत उभे होते. हरेश बिचारा हॉर्न वाजवत होता. मी काच खाली केली आणि बाजारातला आवाज लावला. काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. रस्ता मात्र मोकळा झाला, आणि एका माणसाच्या हातातलं शहाळं गडगडत आमच्या गाडीच्या पुढं पुढं बरंच अंतर आलं.

दवाखान्यात पोटाला दोन पट्टे बांधले. बाळाचे ठोके खोलीभर ऐकू यायला लागले, लहान इंजिनाच्या होडीसारखे, डुग डुग डुग. सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, दहापैकी किती दुखतंय? मी म्हटलं सात. तासाभरानं म्हटलं नऊ. त्यानंतर ती आली तेव्हा मी म्हटलं, बाई, आता भाव करू नकोस, आहे ते घेऊन जा.

भूलवाले डॉक्टर पेणला एका ऑपरेशनमध्ये अडकले होते.

इथून पुढचे दोन तास मी नकलांमध्ये कधी घेत नाही. वर पंखा होता, बारा वर्षांपूर्वीसारखाच. कळ आली की खोली लांब जायची आणि माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी ऐकू यायचा. दोन कळांच्या मध्ये मी एकच गोष्ट बघत होते, माझ्या डाव्या हाताला भिंत आहे का. होती. पांढरी, स्वच्छ, आणि अगदी जवळ. मी हरेशचं मनगट धरून म्हटलं, मला उजवीकडे तोंड करून झोपव. त्याला कारण माहीत नव्हतं. त्यानं विचारलंही नाही. खाट ओढून, सिस्टरची बोलणी खाऊन, त्यानं भिंतीच्या आणि माझ्या मध्ये स्वतःची खुर्ची घातली. या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली आहे आणि पुढंही करीन, पण ती खुर्ची मी विसरलेले नाही.

चिडलेलं मांजर

दुपारी एकच्या सुमाराला ते आले. हातात बॅग, शर्ट घामानं चिकटलेला. त्यांनी मला खाटेच्या कडेला बसवलं, पुढं उशी दिली आणि सांगितलं, मांजर चिडलं की पाठ कशी करतं, तशी पाठ करा.

मला कळेतही हसू आलं. कोळणीला मांजर शिकवायला निघाले होते. तोंडातला बांगडा हिसकावल्यावर मांजर जी कमान करतं ती मी रोज बघते. मी ती केली. मागून ते म्हणाले, उत्तम, आता हलायचं नाही, कळ आली तरी.

आणि कळ आली. सगळ्यात अवघड भाग हाच, सुई नव्हे. सुई म्हणजे पाठीत थोडं झोंबलं, मग कुणीतरी अंगठ्यानं दाबल्यासारखं. पण कळ अंगावरून जात असताना दगडासारखं बसून राहायचं, हे कठीण. समोर सिस्टर माझे खांदे धरून उभी होती. तिच्या गाऊनवर पिवळा डाग होता, हळदीचा. मी त्या डागाकडे बघत राहिले. ती कानात म्हणाली, "झालं ताई, सुई बाहेर आली, आत नुसती बारीक नळी राहिली." ती नळी पाठीवर चिकटपट्टीनं चिकटवली आणि त्यातून औषध सोडलं.

वीसेक मिनिटांनी ओहोटी लागली. खरंच, तसंच. आधी कळेचं टोक बोथट झालं, मग ती लांब गेली. पाय जड झाले, ओल्या जाळ्यासारखे. डाव्या जांघेत पापलेटाएवढी एक जागा दुखत राहिली. त्यांनी मला कुशीवर वळवून थोडं औषध आणखी दिलं, मग ती जागाही शांत झाली. अंगाला थोडी खाज सुटली, दात थोडे वाजले. हात दर थोड्या वेळानं पट्ट्यात बांधून ब्लडप्रेशर बघत होते. मशीनच्या कागदावर कळेची रेघ डोंगरासारखी चढत होती आणि मी ती बघत होते, किनाऱ्यावर खुर्ची टाकून भरती बघावी तशी. पोट घट्ट होतंय हे कळत होतं. दुखत नव्हतं.

मी हरेशला म्हटलं, भूक लागली. मग वीस मिनिटं झोपले. कळा देता देता झोपले, मी.

फोन

जोर द्यायची वेळ आली तेव्हा मॅडम हजर होत्या, सिस्टर हजर होती, आणि हरेशच्या खिशातला फोन वाजायचा थांबेना. शेवटी त्यानं कोपऱ्यात जाऊन घेतला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आय गेली.

"काय झालं? बोल."

"होडी गेली," तो म्हणाला.

ती गोष्ट त्यानं तिथंच, मला मुलगी होत असताना, तुकड्या तुकड्यानं सांगितली. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. बाई अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, कुलपं उघडायची, म्हणजे तिची सुटका होते. आय काम म्हणाली होती ते हे. मी गाडीत बसल्यापासून ती सुटली होती. कपाटं, पेट्या, लुगड्यांची बोचकी, सुक्या माशांची पोती, कपडे वाळत घालायची दोरी, देवघरातला गंडा, सगळं सोडलं. दुपारी फोन करून विचारलं तर हरेश म्हणाला, अजून नाही, डॉक्टर आले नाहीत. तिनं ठरवलं, कुठंतरी गाठ राहिली आहे. शेजारणीची शेळी सोडली. मग ती बंदरावर गेली.

तिथं आमची नवी रंगवलेली होडी खुंटाला बांधलेली होती, हरेशच्या हातच्या पक्क्या गाठीनं. आयनं गाठ सोडली. बाई सत्तरीची, जन्म पाण्यात गेलेला. तिनं दोर नुसता दोन वेढे देऊन ठेवला, गाठ न मारता, आणि शेळी कुणाच्या तरी भाजीत शिरली म्हणून ओरडा झाला तिकडे धावली. ओहोटी होती. वेढे सुटले. होडी खाडीतून निघाली आणि डौलात जंजिऱ्याकडे चालू लागली.

माझ्या डोळ्यांसमोर ती निळी होडी, ती शेळी आणि पदर खोचून दोघींच्या मध्ये उभी असलेली आय अशी काही उभी राहिली की मी हसायला लागले. थांबताच येईना. मॅडम म्हणत होत्या, हसू नका, जोर द्या. मी म्हणत होते, देते, देते, पण शेळी. आणि हसता हसता काहीतरी मोठं, गोल, माझ्यातून पुढं सरकलं. मला ते सरकताना कळलं. मॅडम म्हणाल्या, असंच, हसायचं तर हसा.

पावणेचारला मुलगी झाली.

तिला वर धरली तेव्हा मी हात पुढं केले. कुणी आणून देईपर्यंत थांबले नाही. जड, ओली, संतापलेली, कपाळावर आठी, आपल्या आजीसारखी. मी तिचा चेहरा पाहिला. त्या दिवशीचा तिचा चेहरा मी आज डोळे मिटून काढून दाखवू शकते. भिंत कुठल्या बाजूला होती ते तेव्हा विसरूनच गेले होते.

मुशीचं कालवण

दुसऱ्या दिवशी दुपारी आय आली. एसटीनं, एकटी, हातात डबा. मुशीचं कालवण होतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्याकडे मुशी मासा देतात. डबा टेबलावर ठेवून ती दारापाशीच उभी राहिली, शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारखी.

होडी मिळाली होती. राजपुरीच्या कासमचाचांनी जंजिऱ्याला पर्यटक सोडून परत येताना ती पाहिली आणि ओढून आणली. डाव्या बाजूला खडकाचा लांब ओरखडा पडला होता. हरेश पैसे द्यायला गेला तर चाचा म्हणाले, मुलगी झाली ना, पेढे दे आणि तुझ्या आईला दोरापासून लांब ठेव.

मी आयला मुलगी दिली. ती खुर्चीवर बसली. त्याच खुर्चीवर, भिंतीपाशी. बोटानं कपाळावरची आठी पुसायचा प्रयत्न केला. आठी गेली नाही.

मग मी तिला सांगितलं. हिरवी भिंत, अकरा दिवस, शिंक. मरणाचं दुखलं होतं तरी. आणि काल दुखलं नव्हतं तरी.

मुलीनं आयचं बोट पकडलं होतं आणि ती ते सोडवत नव्हती. माझ्याशी नव्हे, त्या मुलीशीच बोलावं तशी म्हणाली,

"मला तं कायच नाय दुखला. मंग मला कशी माया लागली?"

आणि वर बघून मला म्हणाली, कालवण थंड होतंय, खा.

नाव तिनंच ठेवलं. मुक्ता.

दोर

माझी पाठ नऊ वर्षांत गेली नाही. सुईची जागा आठवडाभर ठणकली. पुढं काही महिने कंबर धरायची, ती मुक्ताला कडेवर घेऊन भांडी घासण्यानं. पाटी मी तिसऱ्या महिन्यात उचलली. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही, आणि ज्यांना सुई नको त्यांनी घेऊ नये. फक्त घ्यायची की नाही ते स्वतः ठरवा, आणि घ्यायची तर भूलवाले डॉक्टर किती लांब राहतात ते आधी विचारून ठेवा.

चार वर्षांपूर्वी आय बंदराच्या पायरीवर घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन करायचं, भूल पाठीतून देणार, असं ठरलं. आदल्या दिवशी वॉर्डात मी तिला मांजराची कमान शिकवली. तिला कुशीवर नीट वळताही येत नव्हतं, तरी शेजारच्या खाटांवरच्या बायकांना ती सांगत होती की आमच्या सुनेनं हे पैलं घेतलान, माझ्याच सांगन्यानं.

ऑपरेशनच्या दिवशी तिच्यापाशी हरेश थांबला. मी घरी राहिले. माझं काम होतं.

सकाळपासून मी आणि पाच वर्षांची मुक्ता घरभर फिरलो. कपाटं उघडली, बोचकी सोडली, पोत्यांची तोंडं मोकळी केली. मुक्तानं वेणीची रिबीन सोडली. शेजारणीनं आपली शेळी आधीच लांब नेऊन बांधली होती, ती मात्र मी सोडून दिली. म्हणजे शेळी नव्हे, तिचा विषय. मग आम्ही बंदरावर गेलो. होडी खुंटाला होती, डाव्या बाजूला तो ओरखडा. हरेशनं त्यावरून दरवर्षी रंग दिला, पण खालची खाच दिसतेच. मी गाठ सोडली. दोराचं टोक हाताला गुंडाळलं, थोडं मुक्ताच्या हातात दिलं, आणि आम्ही पायरीवर बसलो. ओहोटी होडीला ओढत होती, आम्ही दोघी तिला ओढत होतो. ऊन चढलं. मुक्ताचे हात लाल झाले, तरी तिनं सोडलं नाही.

बारा वाजता फोन आला. हरेश म्हणाला, नीट झालं, जागीच होती, डॉक्टरांना गोष्टी सांगत होती, घे, तिला बोलायचंय. मग आयचा आवाज, थोडा जड, पण तिचाच.

"होडी हाय कं जाग्यावर?"

"हाय आये," मी म्हटलं. "आमच्या हातात हाय."